गोजरबाईनं भाव केला नाही

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात गोजरबाईकडून भांडं घ्यायचं असेल तर माणसानं घरून जेवून निघावं. दुकान म्हणजे जमिनीवर एक ताडपत्री, तिच्यावर स्टीलचे डबे, पातेली, तांबे, आणि मागं पोत्यात गिऱ्हाइकांनी मोडीत घातलेली जुनी पितळ-तांब्याची भांडी. बाई भाव दुप्पट सांगते. गिऱ्हाईक निम्म्यावर येतं. मग दोघं एकमेकांच्या लेकरांची, सासूची, गुडघ्यांची विचारपूस करत मधे कुठंतरी भेटतात. गिऱ्हाईक रागावून उठलं तर बाकीचे दुकानदार हाक मारून माघारी बोलावतात. गोजरबाई नाही. ती तांब्या पुसत बसते. गेलेलं गिऱ्हाईक फिरून आपल्याच पायांनी येतं, तेव्हा त्याला पाच रुपये जास्त पडतात. ते रागाचे.

स्वतः काही घ्यायला गेली की उलट. समोरच्यानं भाव सांगितला की ती निम्मा म्हणणार, पदर झटकून उठणार, चालायला लागणार, आणि मागून हाक येणारच. एकदा डॉक्टरच्या फीवरून ती अशीच उठली, तेव्हा डॉक्टरनं फी कमी केली आणि तिच्या रक्तदाबाच्या आधी स्वतःचा मोजून घेतला म्हणतात. मी तिथं नव्हतो. पण सांगणाऱ्यावर माझा पूर्ण भरवसा आहे, कारण सांगणारा मीच.

नवरा भागवत तिच्या अगदी उलटा. भाव विचारायचा आणि पैसे काढून द्यायचा. बाई म्हणायची, या माणसाला बाजारात एकटा सोडला तर अंगातला सदरा विकून टोपी घेऊन येईल. भागवत हसायचा. जवळा, सेनगाव, कनेरगाव नाका, असे आठवड्याचे बाजार दोघं मिळून धरायची. आधी एसटीच्या टपावर माल जायचा. मग भागवतनं फायनान्सवर जुना छोटा हत्ती टेम्पो घेतला; कर्जाला नाव नवराबायको दोघांचं. कंपनीला पगारदार जामीनदार हवा होता. भावकीत पगारदार दोन होते; एकाच्या बायकोला तेव्हाच ताप आला, दुसऱ्याला गावाला जायचं निघालं. सही केली सोनाजीनं. सोनाजी हायस्कुलात शिपाई, भागवतचा शाळेतल्या एका बाकावरचा सोबती. कागद काय म्हणतो हेही त्यानं विचारलं नाही. पेन मागितलं, एवढंच.

करोनात बाजार बंद पडले. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात भागवतला हिंगोलीला दवाखान्यात नेला, तो तिकडूनच गेला. बाईला तोंड बघू दिलं नाही. सोनाजी लांब रस्त्याच्या कडेला उभा होता. जे काही दिसलं ते त्यालाच दिसलं. तेव्हापासून दर बाजाराला तो ताडपत्रीच्या कोपऱ्यावर येऊन बसायचा. चहा प्यायचा, एखादं भांडं सांगेल त्या भावानं घ्यायचा, आणि तसं घेतल्याबद्दल बाईच्या शिव्या खायचा.

हप्ते थकले. कंपनीनं गाडी ओढून नेली, विकली, तरी काही रक्कम अंगावर राहिलीच. मग वसुलीवाला आला. एकदम भरत असाल तर थोडं सोडू, म्हणाला. इथं खरी गोजरबाई जागी झाली. निम्मे म्हणाली. तो नाही म्हणाला. बाई उठली, पदर झटकला आणि चालायला लागली. आता घर तिचं, ओटा तिचा; आपल्याच घरातून ही बाई कुठं निघाली हे त्या माणसाला कळेना. त्यानं घाबरून हाक मारली. निम्म्याहून कमीत मिटलं. खातं मिटल्याचा कागद तिनं भागवतच्या फोटोमागं खोचला, आणि ती गोष्ट साऱ्या बाजारानं महिनाभर चघळली.

चूक झाली ती इथं, आणि ती तिच्या एकटीची नव्हती. बाजारात कुणालाही विचारलं असतं तर तो हेच म्हणाला असता. आमच्याकडं सौदा ठरला, माल उचलला, की सोडलेल्या पैशाचं नाव कुणी काढत नाही. विकणारा घरी जाऊन बायकोपाशी हळहळेल फार तर. कंपनीचा कायदा वेगळा. तिथं सोडलेलं लिहून ठेवतात. किती बुडाले, कुणाकडून बुडाले, आणि त्याच्या मागं जामीन कोण होता.

त्यानंतर तीन-चार वर्षं गेली. सोनाजीच्या लेकीचा, सपनाचा, नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच मुलगी. फी भरायला कॉलेजनं दिवाळीपर्यंत मुदत दिली, नंतर जागा पुढच्या नंबराला. शैक्षणिक कर्जासाठी सोनाजी बँकेत गेला, आणि त्या दिवसापासून बाजारात दिसेनासा झाला. म्हणजे यायचा, पण मिरचीवाल्यांच्या ओळीतून, मागच्या मागं. गोजरबाईनं दोन बाजार बघितलं. तिसऱ्या बाजारी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली की पोरगी शिकाया निघाली तर बापाला मस्ती आली.

शेजारी रूपाबाईचं बांगड्यांचं दुकान. रूपाबाईला सगळ्या गावाचं कसं कळतं हे विचारू नये. बाई बांगड्या भरायला हात पुढं करते, आणि हाताबरोबर घरचं सगळं पुढं करते. सोनाजीची बायको सुमनबाई त्याच सकाळी हात देऊन रडून गेली होती. रूपाबाईनं ते गोजरबाईला सांगितलं: सोनाजीचा पगार चांगला, पण सिबिल खराब निघालं. बँकवाले म्हणतात, तुम्ही जामीन होता त्या गाडीचे पैसे बुडाले. पोरीला कर्ज नाही.

गोजरबाईनं ऐकलं. गिऱ्हाईक समोर पातेलं धरून उभं होतं, त्याला तिनं पहिल्याच बोलीत ते देऊन टाकलं. बाजारात कुजबुज झाली की बाईची तब्येत बरी नसावी.

संध्याकाळी ती सोनाजीच्या दारात गेली. तो वळचणीखाली बसून सपनाच्या जुन्या ट्रंकेला कडी बसवत होता.

"भाऊ, मला काहून सांगितलं न्हाई?"

"काय सांगू वैनी? तुमी पैसे भरले, कागद घेतला. तुमची काय चूक?"

"माझ्या माघारी तुमच्या लेकराचं नुकसान होऊन राहिलं, अन् तुमी मिरच्यांतून चोरावानी पळून राहिले."

सोनाजीनं कडी खाली ठेवली. "सांगितलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं. जामीन राहिलो तवा भागवतला म्हणलो होतो, कधी बोलून दाखवणार न्हाई."

ती सपनानं आणलेलं पाणी प्यायली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी बाई आणि सोनाजी बँकेत गेले. साहेबानं समजावून सांगितलं. तडजोडीत सोडलेली रक्कम पूर्ण भरली, तर कंपनी खातं पूर्ण फेडून बंद झालं असं लिहून देईल आणि वर सिबिललाही तसं कळवेल. मग दोघांच्याही नावावरचा डाग निघेल. बाईनं विचारलं, किती दिवस? महिना तरी, साहेब म्हणाला. दिवाळी तेवढीच लांब होती.

दिवाळी म्हणजे भांडीवाल्याचं वर्ष. धनत्रयोदशीला जे विकतं त्यावर पुढचे आठ महिने निघतात. त्या मालासाठी बाईनं पैसे बाजूला ठेवले होते. ते काढले. पुरेनात, म्हणून पोत्यातली मोड काढली. तीही कमी पडली, तेव्हा माहेरून आलेलं पितळेचं घंगाळ काढलं, ज्यात भागवतला लग्नाची हळद उतरवून आंघोळ घातली होती. हिंगोलीच्या व्यापाऱ्याकडं ती दुपारभर भांडली. घंगाळाच्या कडांना माती आहे म्हणून त्यानं वजन तोडलं, तर तिनं पदरानं माती पुसून पुन्हा तराजूत घातलं. तीनदा उठली, तीनदा हाक आली. शेवटी व्यापारी हात जोडून म्हणाला, माय, आता उठू नको, बैस.

तिथून ती सोनाजीला घेऊन तशीच फायनान्सच्या कचेरीत गेली. नवा मॅनेजर कुलदीप नावाचा, पोरसवदा, स्वभावानं बरा. त्यानं खातं काढलं आणि त्याला नवल वाटलं. सोडलेले पैसे भरायला आपल्या पायांनी आलेलं माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. विरलेला पांढरा पदर, मांडीवर पिशवी. त्याला दया आली.

"मावशी, एवढं कशाला भरता? दंडाचं व्याज मी वरून कमी करून आणतो. निम्म्यात करू."

सोनाजीनं मला पुढं सांगितलं, की तो वैनीच्या पायांकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस आपणहून निम्मे म्हणत होता. बाईचे पाय हलले नाहीत.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "एक रुपयाबी कमी करू नको. मागं कमी केले, ते या माणसाच्या लेकराला पडले."

कुलदीपनं पैसे मोजून घेतले, पावती दिली, पूर्ण फेड झाल्याचं पत्र दिलं, आणि दुरुस्ती पाठवतो म्हणाला.

दुरुस्ती झाली, पण नुसती बाईच्या नावावर. सोनाजीच्या नावापुढं डाग तसाच. जामीनदाराचं कळवायचं राहून गेलं होतं. दसरा होऊन गेला होता. बाई पुन्हा हिंगोलीला गेली. या वेळी भांडायला नाही. सकाळी जाऊन कुलदीपच्या समोरच्या बाकावर बसली, आणि संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत बसून राहिली. कुणी काय पाहिजे विचारलं तर म्हणायची, माझं काही न्हाई, भाऊचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. कुलदीपनं तिच्यासमोर फोन लावला, तिच्यासमोर पाठवलं.

दिवाळीला बाजार भरून वाहत होता. गोजरबाईची ताडपत्री निम्मी रिकामी. कोपऱ्यात चार डबे, थोडे तांबे. येणारं गिऱ्हाईक रिकाम्या जागेकडं बघून पुढं जायचं. बाई तांबे पुसत होती. पुसून झालेले पुन्हा पुसत होती. धनत्रयोदशीच्या दुपारी बँकेतून सपनाला फोन आला की मंजूर झालं, पैसे कॉलेजला गेले.

त्यानंतरच्या बाजारी सोनाजी मिरच्यांच्या ओळीतून नाही, समोरून आला. मागं सपना. नांदेडला न्यायला डबा हवा होता. भाव विचारला. बाईनं कुणाही गिऱ्हाइकाला सांगितला असता तसा दुप्पट सांगितला. रूपाबाईनं बांगड्या खाली ठेवल्या आणि मान वळवली; मीही चहा हातात धरून बसलो. सांगेल तेवढे पैसे काढणारा हा माणूस, आता शिव्या खाणार.

सोनाजी म्हणाला, "निम्मे देतो."

"परवडत न्हाई."

सोनाजी उठला. धोतर झटकलं. पोरीचा हात धरला आणि खरंच चालायला लागला. बाई तांब्या पुसत राहिली. तो रूपाबाईच्या दुकानापर्यंत गेला, पुढं गेला, मिरच्यांच्या ओळीच्या तोंडाशी पोचला.

बाईनं तांब्या खाली ठेवला.

"भाऊ," तिनं हाक मारली, "माघारी या."