पडद्याच्या तळाच्या दोन ओळी

शेवंताआक्का, माझी थोरली बहीण. तिनं लोकांची धुणीभांडी केली म्हणून मी बी.एस्सी. झालो. ती स्वतः चौथीत शाळेतून उठली. फळ्यावर गणित चुकलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "तुमच्या डोक्यात शेणच." आजही ती म्हणते, "मला डोकंच नव्हतं रे."

हैदराबादला युनिक्स ही संगणकप्रणाली शिकायला तिनंच पाठवलं. नव्या कंपन्या येत होत्या. आबिड्स भागातल्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सरांनी मजकूर लिहायला 'व्हीआय' नावाचा प्रोग्रॅम उघडून दिला. मी माझं नाव टाइप केलं. अक्षरं उमटेनात. मशीन नुसतं ओरडायचं. बाहेर पडता येईना. घाबरून मी पडद्याचं बटण बंद केलं, पुन्हा लावलं. मी तिथेच अडकलेला.

सर पुण्याचे. हजेरी घेताना माझ्या आडनावावर थांबले होते. आता मराठीत म्हणाले, "सवलतीवर आत येता येतं. बाहेर पडायला अक्कल लागते."

पुढची दोन मराठी पोरं हसली. बाकीच्यांना सरांनी इंग्रजीत समजावून सांगितलं. मग तेही हसले.

मी मान खाली घातली. आक्कानं घातली असेल तशीच. वाटलं, आपल्याला जमायचं नाही. गावी जावं.

तास सुटल्यावर मी डोळे पुसत होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या वहीदनं हात धरला. "कायकू रोरे भाई? ये देखो." त्याच मशीनवर त्यानं मजकूर लिहायचंच दुसरं काही उघडलं. पिको. अक्षर दाबलं की अक्षर उमटत होतं. पडद्याच्या तळाशी दोन ओळी होत्या. लिहिलेलं जपायचं कसं, बाहेर पडायचं कसं, सगळं त्यात. वहीद म्हणाला, "नीच्चे लिखको है. पढ़ लो."

त्याच मशीनवर होतं. सुरुवातीपासून.

मी सरांना विचारलं, हे आधी का नाही दाखवलं?

"ते ढ लोकांसाठी. व्हीआयनं कच्चे आपोआप गाळले जातात."

गाळले जातात. आक्का गाळली गेली होती.

मी व्हीआयही शिकलो. पक्कं शिकलो. कोर्स संपल्यावर सरांनीच नवशिक्यांची बॅच पगारावर माझ्याकडे दिली. अट एकच, सुरुवात व्हीआयनं. शेवटच्या खुर्चीवर खेड्यातून आलेली एक मुलगी होती. हात मांडीवर, कीबोर्डला लावायची भीती. मी पिको उघडलं.

सर दारात आले. "हे चालणार नाही."

"सर, मी आधी हेच शिकवणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

बरकतपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर येऊन पत्र लिहिलं.

"शेवंताआक्का, नोकरी गेली. दुसरी शोधतोय. मला डोकं नव्हतं, असं यापुढे कुणापाशी म्हणू नकोस. सोपी वाट होती, तुला कुणी दाखवली नाही. मला एकानं दाखवली, एवढाच फरक. मी जिथे शिकवीन तिथे आधी तीच दाखवीन. त्यापायी दहा ठिकाणांहून हाकललं तरी चालेल. अक्षरं मोठी काढली आहेत. हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागू दे. तूच वाच."