पहिला डाव माझा

पार्लरमधल्या व्हिडिओ गेमचा जुना बोर्ड आता घरच्या टीव्हीवर चालवायचा, असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं तेव्हा मी माशांच्या हुमणासाठी खोबरं वाटत होते. हात तसाच बरबटलेला घेऊन मी बाहेर आले आणि सांगून टाकलं, "चलयात. पूण पयलो डाव म्हजो."

"हय गो, तुजोच," हे म्हणाले. न्हाणीचं दार दुरुस्त करतो म्हणतानाही ह्यांचा आवाज अगदी असाच असतो, आणि ते दार अजून दोरीनं बांधलेलं आहे.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्याच वर्षी ह्यांनी डिचोलीत बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं होतं. चार मशिनं. मी पार्सेची, नवीन लग्न होऊन आलेली, बसवली गेले काउंटरवर. सहा वर्षं बसले. खाणीवरचे ट्रकवाले, सिंधुदुर्गातून कामाला आलेले क्लीनर, बेळगावकडचे गवंडी, कॉलेजची पोरं, सगळे माझ्याकडून सुट्टे घ्यायचे आणि मशिनाकडे धावायचे. मशिनांची पाठ माझ्याकडे. पडद्यावर काय चाललंय ते मला कधी दिसलंच नाही. दिसायचे ते खेळणाऱ्यांचे चेहरे. दात आवळलेले, डोळे वटारलेले, जणू खाण त्यांच्याच बापाची आणि ती कोणी चोरून नेतोय.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, मी एक डाव खेळू? हे दचकलेच. "बायलमनशेन खेळल्यार लोक कितें म्हणटले?" आजूबाजूला लोक नव्हतेच. होतं ते एक कुत्रं, तेही झोपलेलं. मी परत विचारलं नाही. विसरलेही नाही. खरं सांगते, लग्नातलं कमी दिलेलं सोनं मी विसरले, पण हे नाही.

पुढे घरोघरी टीव्ही गेम आले, शाळेच्या हेडमास्तरांनी ओरड केली, पार्लर बंद पडलं. मशिनं भंगारात गेली. एका मशिनातला बोर्ड तेवढा ह्यांनी पेपरात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि स्वतः खाणीवर ट्रक चालवायला गेले. मग खाणीही बंद पडल्या. तेव्हापासून हे घरी. दिवसभर मोबाईल. त्यात परदेशातले दाढीवाले लोक जुने बोर्ड नव्या टीव्हीला जोडून दाखवतात. महिनाभर ते बघून हे इंजिनिअर झाले. आमच्याकडे पदवीला ह्याहून जास्त वेळ कोण घालवतो?

बोर्डाची भाषा जुनी, टीव्हीची नवी, म्हणून मध्ये एक खोका लागतो. तो फोंड्याच्या लेकीनं ऑनलाइन मागवून दिला. करंटसाठी जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आला. चांगला दिवस बघून ह्यांनी वायरी जोडल्या, बटण दाबलं. काही नाही. पडदा काळा, हे त्याहून काळे.

बोर्ड सोडवून उजेडात धरला. वायरींचा जोड जिथे बसतो तिथे बोर्डाला पितळेसारखे चकचकीत दात असतात म्हणे. आमच्या बोर्डाचे दात दिसतच नव्हते.

"ही तांबडी माती खंयची?" ह्यांनी विचारलं.

"माती न्हय. पिंजर ती."

दर दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा मीच करते. कोयता, आदोळी म्हणजे विळी, शिलाईचं मशीन, आणि ट्रंकेतला हा बोर्ड. त्यानंही आम्हाला सहा वर्षं पोसलं होतं की! ओलं कुंकू बोटानं लावायचं, तर चकचकीत भाग तोच. मला वाटलं, हेच त्याचं तोंड. इतक्या वर्षांचं हळदकुंकू त्या दातांवर बसून घट्ट झालं होतं.

हे डोकं धरून बसले. "सगळो करंट ह्या दातांतल्यान वता गो!"

"तोंड खंयचें आनी फाट खंयची, केन्ना सांगलां तुमी?" मीही तापले. "इतक्या वर्षांत ट्रंक तरी उघडलीत?"

मग मीच खोडरबर घेतला आणि दोन दुपारी बसून एकेक दात घासला. माझ्या सगळ्या भक्तीचा गुलाबी भुगा झाला. केरसुणीनं गोळा केला आणि तुळशीत टाकला. पूजेचंच होतं शेवटी.

दुसऱ्या वेळी चित्र आलं. आडवं आलं. म्हणजे खेळातलं विमान खालून वर जायचं ते डावीकडून उजवीकडे निघालं. ह्या मशिनात पडदा मुळातच उभा बसवलेला असतो, हे त्या दाढीवाल्यांनी दहा वेळा सांगितलं असणार, पण ह्यांना इंग्रजी कळतं तेवढंच ऐकू येतं. शेजारचे निवृत्त मास्तर येऊन म्हणाले, मान वाकडी करून बघा, सवय होईल. हे खाटेवर कुशीवर झोपून बघायलाही तयार झाले. शेवटी लेकीनं दिलेला एवढा मोठा टीव्ही भिंतीवरून उतरवला, उभा केला, उकड्या तांदळाच्या पोत्याला टेकवला आणि खिडकीच्या गजाला सुंभानं बांधला. माझ्या मालिका गेल्या त्या गेल्याच.

आता आमच्याकडे नवी मोटारसायकल आली तरी देवाला गाऱ्हाणं घालतात. इथे तर टीव्ही उभा राहिला होता. मास्तर आले, वाड्यावरचा पंच आला, नारळ आला. गाऱ्हाणं मराठीतून की कोंकणीतून ह्यावर मास्तर आणि पंच अर्धा तास भांडले. राज्य होऊन इतकी वर्षं झाली, दोघांचा आवेश तसाच. पडद्यावरची अक्षरं तेवढ्यात जपानीत लुकलुकत होती. शेवटी मास्तरांनी अर्धं ह्या भाषेत, अर्धं त्या भाषेत उरकलं. ग्रामदेवता, राखणदार, लेक, जावई, खोका पाठवणारी कंपनी, सगळ्यांचं नाव निघालं. "व्हय म्हाराजा" म्हणायला मी होते. दात घासणारीचं नाव काही निघालं नाही.

"पयलो मान पंचाक," हे म्हणाले.

"आनी हांव?"

"तूं च्या हाड."

अंगाचा नुसता भडका उडाला. पाहुण्यांसमोर काय बोलणार? चहा केला, साखर मुद्दाम कमी घातली.

बाहेर आले तर पंच मेला होता. तीनदा खेळून तीनदा, अर्ध्या मिनिटात. मास्तर तर खेळायचा दांडा धरेपर्यंत गेले. मग हे बसले, पार्लरचे मालक, बाह्या वर करून. हेही गेले. "बोर्ड पिसो जाला," म्हणाले. पंच म्हणाला, कुंकवाचा दोष. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी कप वाटता वाटता ऐकत होते. आवाजाचा स्पीकर ह्यांनी सरळ बोर्डाला जोडला होता, चित्र मात्र खोक्यातून जात होतं. खोका ते आधी चघळायचा, मग टीव्हीला द्यायचा. गोळीचा आवाज आधी, गोळी नंतर. हे तिघे दिसल्यावर हलत होते, तोवर उशीर झालेला असायचा.

"उठात," मी म्हटलं. आवाज असा लागला की हे उठले.

ट्रे जमिनीवर ठेवला आणि बसले. पडदा मला लागतच नव्हता. शीळ लांबली की शत्रूची विमानं डावीकडून येतात, दोनदा टक्‌टक् झालं की खाली झेप, मध्येच शांत झालं की मोठा येतोय. सहा वर्षं दुसरं काय ऐकलं मी, आणि कुठल्या आवाजाला खेळणाऱ्यांचे डोळे कुठे वळतात ह्याशिवाय काय बघितलं? पहिला टप्पा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यात पंचानं चहाचा घोट घेतला तो सुर्रकन वाजला.

"ओगी रावात! आयकूंक मेळना."

तिघांनीही कप खाली ठेवले. मी खेळत राहिले आणि राग की आनंद ते मलाच कळत नव्हतं. पाचव्या टप्प्यात विमान फुटलं.

मग हे माझ्या बाजूला जमिनीवर बसले आणि हळूच म्हणाले, "तेन्ना तुका खेळूंक दिवंक जाय आशिल्लें."

"हय, जाय आशिल्लें," मी म्हटलं, द्यायलाच हवं होतं, आणि पुढचा डाव सुरू केला.