मी माइक बंद केला नाही

बाबांना ऐकू कमी येतं, हे आम्हाला गिऱ्हाइकांनी सांगितलं. घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण आमच्या घरी सगळेच मोठ्यानं बोलतात. तीस वर्षं भोंग्यांच्या शेजारी बसून बाबांनी सभा, लग्नं, कबड्डीचे सामने, भागवत सप्ताह आणि भीमजयंतीच्या मिरवणुका ऐकल्या. मग एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भोंगा शिट्टी मारायला लागला आणि बाबा शांतपणे चहा पीत राहिले. नवरदेवाच्या काकानं आईला फोन करून सांगितलं, "वहिनी, भाऊले डॉक्टरले दाखवा."

मी तेव्हा अकोल्याला होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून इन्व्हर्टर दुरुस्तीच्या एका दुकानात नोकरी करत होते. महिनाभरासाठी म्हणून अमरावतीला आले आणि राहिलेच. राजापेठेत आमचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान आहे. वर ट्यूशन क्लास, खाली आमचे स्पीकर. वर पोरं पाढ्यासारखी सूत्रं म्हणत असतात आणि खाली मी "हॅलो, चेक, हॅलो" करत असते. सुरुवातीला पोरगी माइक लावते म्हणून लोक मांडवाबाहेर उभे राहून बघायचे. एकदा एका कार्यकर्त्यानं बाबांना सरळ विचारलं, "हिले जमते का?"

स्टेजच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते म्हणाले, "वायरले समजते का, तिले कोन जोडून राहिलं ते?"

ते काकाजी. सगळा तालुका त्यांना काकाजीच म्हणायचा. चांदूर बाजारकडे त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. पक्षात त्यांची चाळीस वर्षं गेलेली, पंचायत समितीचं सभापतिपद भोगून झालेलं. आता वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत त्यांना कुठलं पद नको होतं, पण त्यांच्या भाषणाशिवाय सभा झाली असं लोक मानत नसत. प्रत्येक सभेआधी ते आमच्या टेबलापाशी यायचे, बाबांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि मला सांगायचे, "माइक जरा दूर ठेव माय, मी लय ओरडतो."

त्या वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. काकाजींच्या पक्षाचा माझ्या आजोळकडच्या मतदारसंघातला उमेदवार हा नुसता उमेदवार नव्हता. तो निवडून आला की अध्यक्ष तोच होणार, असं सगळे धरून चालले होते. पोस्टरवर त्याचा फोटो सगळ्यात मोठा. त्याला राजकारणात आणलं काकाजींनीच. पहिलं तिकीट त्याला मिळावं म्हणून ते अमरावतीला दोन दिवस ठाण मांडून बसले होते, असं लोक सांगायचे.

पण त्याच पावसाळ्यात एक गोष्ट घडली होती आणि ती सगळ्यांना माहीत होती.

माझ्या आजोळच्या गावात एक सरकारी दवाखाना आहे. तिथल्या सिस्टरकडे उमेदवारानं माणूस पाठवून रुग्णवाहिका मागितली. पक्षाचा मेळावा होता आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं होतं. सिस्टरनं चाबी दिली नाही. आत एक बाई अडलेली होती, तिला कोणत्याही क्षणी अमरावतीला हलवावं लागलं असतं. संध्याकाळी हलवावं लागलंच. बाई वाचली, मूलही वाचलं. दुसऱ्या दिवशी उमेदवार दहा-बारा माणसं घेऊन दवाखान्यात आला आणि त्यानं सिस्टरला रांगेतल्या सगळ्या पेशंटसमोर हात जोडून माफी मागायला लावली. माझी मामी तापाच्या गोळ्या घ्यायला त्या रांगेत उभी होती. ती सांगायची, "सिस्टरनं हात जोडले, पन मान खाली नाही घातली. मान आमी खाली घातल्या."

आठवड्याभरात सिस्टरची मेळघाटात बदली झाली. आपल्याकडे शिक्षा म्हणून माणसाला मेळघाटात पाठवतात. तिथल्या लोकांना ते ऐकून काय वाटत असेल, हे कुणी विचारत नाही.

तर ती सभा. आजोळच्या गावाजवळच्याच एका मोठ्या गावात, बाजाराच्या मैदानावर, दुपारी चारला. ऊन तिरपं झालं होतं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया बसलेल्या. स्टेजवर अमरावतीहून आलेले नेते, मध्ये उमेदवार, गळ्यात हार. आमचं टेबल स्टेजच्या डाव्या हाताला आणि जनरेटर मागे. मी मिक्सरवर, बाबा शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत.

त्या दिवशी काकाजी आमच्या टेबलापाशी आले नाहीत. ते सरळ स्टेजवर जाऊन बसले, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

त्यांचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. ते उठले, माइकपाशी आले आणि थोडा वेळ नुसते उभे राहिले. मला वाटलं माइक बंद आहे की काय, म्हणून मी दिवा पाहिला. दिवा लागलेला होता.

"मी इथं यायले मत द्या म्हनाले आलो," काकाजी उमेदवाराकडे हात करून म्हणाले. "सकायपासून तेच घोकून राहिलो होतो. पन आता उभा राह्यलो, तं ते तोंडातून निघूनच नाही राहिलं."

लोक हसले. त्यांना वाटलं, काकाजी नेहमीसारखे गंमत करतायत.

"हसू नका," ते म्हणाले. "यायले पयलं तिकीट मिळावं म्हनून मीच भांडलो होतो. म्हनून आधी माही चूक सांगतो. त्या दवाखान्यातल्या सिस्टरले यायनं लोकाईसमोर हात जोडाले लावले, त्या दिवशी मले फोन आला होता. मले सारं समजलं होतं. मी काय म्हनलं? निवडनूक होऊन जाऊ द्या, मंग पाहू. असं मी चाळीस वर्षं म्हनून राहिलो. एक निवडनूक झाली का दुसरी येते. पाहाचं राहूनच जाते."

स्टेजवर उमेदवारानं शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्यानं खाली कार्यकर्त्यांकडे पाहिलं.

"तिनं चाबी काहून नाही देली? कारन आत एक बाई बाळंत व्हाची होती. गाडी तिची होती. यायची नव्हती, माही नव्हती. उद्या हा मानूस अध्यक्ष झाला, तं जिल्ह्यातले सारे दवाखाने, साऱ्या शाळा याच्या हाती जाईन..."

तोवर दोन कार्यकर्ते माझ्या टेबलापाशी धावत आले होते.

"ए पोट्टी, बंद कर माइक!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखीचे होते. त्यातल्या एकाच्या बहिणीच्या लग्नात आमचाच साउंड होता.

"ऐकू नाही येत का? बंद कर म्हनलं ना!"

माझा हात मिक्सरच्या सरकत्या बटणावर होता. पुढे मी दोन-चार जणांना सांगितलं की गोंधळात मला बटण सापडलंच नाही. ते खोटं होतं. बटण बोटाखालीच होतं, नुसतं मागे ओढायचा अवकाश होता. माझ्या डोक्यात त्या वेळी न्याय वगैरे काही नव्हतं. निवडणुकीच्या महिनाभरात आम्हाला मिळालेल्या सगळ्या सभा याच पक्षाच्या होत्या, हे होतं. आणि मामीनं सांगितलेली ती रांग होती.

बाबांना काही ऐकू आलं नव्हतं, पण गडबड दिसत होती. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "काय झालं?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "काकाजी आपल्याच उमेदवाराच्या विरोधात बोलतायत. हे लोक माइक बंद कर म्हणतात."

बाबांनी स्टेजकडे पाहिलं. काकाजींचे ओठ हलत होते.

"त्याईचं बोलनं झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

एवढंच म्हणाले. मग उठले, आपली खुर्ची उचलली, जनरेटरची केबल कुणाला उपसता येऊ नये अशी तिच्यापाशी नेऊन ठेवली आणि खुर्चीत बसले. मांडीवर हात ठेवून, फोटो काढायला बसावं तसे. मी बटणावरून हात काढला. एका कार्यकर्त्यानं मिक्सरकडे हात नेला, पण तोपर्यंत पुढच्या रांगेतले लोक स्टेज सोडून आमच्याकडे पाहायला लागले होते. एक म्हातारा म्हणाला, "बोलू द्या ना त्याईले." त्या पोरानं हात खिशात घातला.

काकाजी आणखी मिनिटभर बोलले. "पक्ष माहा आहे," ते म्हणाले, "पन हा मानूस माहा नाही. मी याले मत देनार नाही. तुमी काय कराचं ते तुमी ठरवा." आणि ते पायऱ्या उतरून आले. उतरताना त्यांना कुणी हात दिला नाही.

मग बायांच्या बाजूनं एक आवाज आला, "खरं आहे! मी होती तिथं!" मी वळून पाहिलं. माझी मामी उभी होती. लग्नाच्या पंगतीतही जिनं कधी मोठ्यानं भाजी मागितली नाही, ती मामी.

उमेदवारानं माइक घेतला आणि काकाजींचं वय झालंय, त्यांना आरामाची गरज आहे असं सांगितलं. तो बोलत होता तेव्हाही माइक चालूच होता. पण अर्ध्या बाया उठून गेल्या होत्या.

दिवस मावळायच्या आत व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आला आणि काकाजींना पक्षातून निलंबित केल्याची बातमीही आली. आमच्या पुढच्या सगळ्या सभा फोनवरच रद्द झाल्या. आई दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुह्या बापाले ऐकू येत नाही, हे लोकाईले माहीत आहे. त्याईचं चालून जाईन. तुले तं ऐकू येत होतं ना?" मी म्हटलं, "येत होतं, म्हणूनच." त्या दिवशी तिनं माझ्या डब्यात माझ्या आवडीचा ठेचा टाकला.

उमेदवार निवडून आला. मला वाटलं होतं पडेल. थोडक्यात आला, पण आला. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. मनात आलं, एवढं सगळं झालं त्याचा काय उपयोग. पण अध्यक्षाचं नाव ठरवायची वेळ आली, तेव्हा त्याच्याच पक्षातले सदस्य त्याच्या नावाला तयार होईनात. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला होता. शेवटी अध्यक्ष झाली निवृत्त झालेली एक शिक्षिका. तीही त्याच पक्षाची सदस्य होती, पण तिच्याकडे अर्ज घेऊन जायची लोकांना भीती वाटत नसे.

पहिला अर्ज मामी घेऊन गेली. पाच गावांतल्या बायांच्या सह्या आणि अंगठे होते त्यावर. आमची सिस्टर परत द्या, एवढीच मागणी. दोनदा हेलपाटा पडला. तिसऱ्यांदा मी मामीला आणि त्या बायांना आमच्याच गाडीतून नेलं, मागे स्पीकरच्या जागी बसवून. उन्हाळ्यात सिस्टर परत आली. मेळघाटात जिथं बदली झाली होती, तिथल्या लोकांनी तिला निघताना अडवलं होतं म्हणे. तिथं दुसरी सिस्टर येईपर्यंत ती महिनाभर जास्त थांबली आणि मगच आली.

काकाजींकडे मी त्यानंतर गेले. संत्र्याच्या झाडांना आंबिया बहाराची छोटी हिरवी फळं लागली होती. बाहेर बाजेवर ते एकटेच बसले होते. पूर्वी तिथं चपलांचा ढीग असायचा.

"विरोधी पक्षवाले आले होते," ते म्हणाले. "हार घेऊन. मी म्हनलं, तुमचा उमेदवार आमच्यावाल्यापेक्षा चांगला आहे का? ते हार घेऊन परत गेले."

मी हसले. त्यांनी विचारलं, "तू भेली होती का त्या दिवशी?"

"हो, काकाजी. भ्याले होते."

"मी बी. म्हनून तं तुमच्या टेबलाकडे आलो नाही. आलो असतो, तं तुह्या बापानं मले बसवून चहा पाजला असता. मंग तुमचं काम बुडनार म्हनून माह्याच्यानं बोलनं झालं नसतं."

मी जाताना म्हणाले, "आता काय करणार?"

"आता ऐकाचं," ते म्हणाले. "बोलून लय झालं."

मला तेव्हा ते थकल्याचं बोलणं वाटलं. तसं नव्हतं, हे पावसाळा संपता संपता समजलं. आमचं काम हळूहळू परत येत होतं. शाळांची स्नेहसंमेलनं, गणपती, आणि आता ग्रामसभाही. पूर्वी ग्रामसभेला कुणी साउंड लावत नसे, कारण लोकच येत नसत. चांदूर बाजारकडून, काकाजींच्याच गावातून फोन आला. सरपंच सव्वीस वर्षांची मुलगी होती. शाळेच्या आवारात लोक बसले होते, बाया पुढे. बाबा आता कानाला यंत्र लावतात, पण सभेत ते काढून खिशात ठेवतात. एवढा आवाज नको म्हणतात.

शेवटच्या रांगेत, सतरंजीवर मांडी घालून काकाजी बसले होते. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले होते. कुणीतरी त्यांना पुढे खुर्ची द्यायला गेलं, त्यांनी मान हलवली. रस्त्याचा विषय चालू होता. त्यांनी हात वर केला.

सरपंच मुलीनं हातातली वही पाहिली आणि माइकवरून म्हणाली, "काकाजी, तुमचा नंबर पाचवा आहे."

चाळीस वर्षांत त्या माणसाला कुणी थांबायला सांगितलं नसेल.

"हाव माय," ते म्हणाले आणि हात खाली घेतला.

चार जण बोलले. दोन बाया, एक शिक्षक आणि एक शेतमजूर. काकाजींनी प्रत्येकाचं ऐकलं. मग त्यांचा नंबर आला, तेव्हा ते उठले, माझ्या हातातून माइक घेतला आणि दोन मिनिटं फक्त शाळेमागच्या नालीवर बोलले. नाली कुठे तुंबते, कुठून फोडायला हवी, एवढंच. आणि परत सतरंजीवर जाऊन बसले. सरपंचानं ते वहीत लिहून घेतलं आणि सहावं नाव पुकारलं.