कपाळावरची आठी

तो जन्मला तेव्हा रडला नाही. सुईणीने पाठीवर दोन चापट्या दिल्या तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं, तेही कुरकुरल्यासारखं, आणि मग कपाळाला ही एवढी आठी घालून खोलीतल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. "बघा बघा, विचार करतोय!" आई म्हणाली. झालं. तिथल्या तिथे त्याचा निकाल लागला. पुढे त्याचं रीतसर नाव ठेवलं गेलं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं. घरात, गल्लीत आणि नंतर कारखान्यात त्याला सगळे विचारीच म्हणत.

त्याला एक थोरली बहीण होती. तिचा चेहरा गोल, तोंड सदा उघडं आणि त्या तोंडातून प्रश्नांची रांग. भिंत सरळच का बांधतात, तापल्यावर दूधच वर का येतं, पाणी का येत नाही? घरच्यांनी डोक्याला हात लावला आणि तिचं नाव बावळी ठेवलं. "हिला सगळं विचारावं लागतं," आई शेजारणीला सांगायची. "माझ्या लेकाला बघा, एक प्रश्न विचारत नाही. उपजतच आहे ते. देणगी असते एकेकाला."

बावळीला मग प्रत्येक गोष्ट फोड करून सांगावी लागायची. विचारीला कुणी काही सांगायचं नाही. त्याला ठाऊकच असणार, सांगून उगाच त्याची तंद्री कशाला मोडा?

शाळेत तो मागच्या बाकावर बसून फळ्याकडे टक लावून बघायचा. फळ्यावर काय लिहिलंय ते त्याला दिसायचं नाही, म्हणून आठी आणखी खोल जायची. मास्तर खडू खाली ठेवून वर्गाला सांगायचे, "असं लक्ष द्यावं!" परीक्षेत तो जेमतेम काठावर तरायचा. मास्तरांकडे त्याचंही उत्तर होतं. खोल पाण्याला खळखळाट नसतो म्हणे.

यात विचारीची लबाडी नव्हती, हे सांगायला हवं. आपण विचार करतो, असं तो प्रामाणिकपणे मानत होता. एखाद्या गोष्टीकडे बघितलं की समोर धुकं यायचं, भुवयांच्या वर ठणका लागायचा, आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड व्हायचं. विचार करकरून डोकं दुखतं, असं लोक म्हणतातच ना? त्याचं तर रोज दुखायचं. म्हणजे विचार भरपूर होत असणार. धुक्याच्या पलीकडे काय असतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण पलीकडे काही असावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

वयात आल्यावर तो खुर्च्यांच्या कारखान्यात लागला. घासकामावर होता. एकदा नव्या लाकडाच्या खुर्चीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. पायाला चीर एक आहे की दोन, हे त्याला कळेना. मालक मागून येऊन थांबले.

"काय वाटतं तुम्हाला?" मालकांनी हळूच विचारलं.

"थांबा जरा," विचारी म्हणाला. त्याला चिरा मोजायच्या होत्या.

मालकांनी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी लाकूडवालाच धावत आला, चुकून भलताच माल उतरवला म्हणून. मालकांनी विचारीच्या कपाळाकडे नव्या आदराने पाहिलं आणि लवकरच त्याला मुकादम केलं.

त्यानंतर 'थांबा जरा' या दोन शब्दांवर त्याचा संसार उभा राहिला. जगातल्या निम्म्या अडचणी थांबलं की आपसूक मिटतात. उरलेल्या निम्म्या इतक्या चिघळतात की थांबायला कोण म्हणालं होतं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. शेजारीपाजारी सल्ल्याला येऊ लागले. नोकरी सोडू का, मुलीला त्या घरी देऊ का, भावाशी बोलणं टाकू का. विचारी आठी घालायचा, समोरच्याचा चेहरा नीट दिसतोय का बघायचा आणि ठरलेलं बोलायचा. माणूस मन हलकं करून जायचा.

बायकोला मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी खरा प्रकार कळला होता. दूध नासलं तेव्हा तिने विचारलं, "आता काय करू?" तो भांड्याकडे बघत राहिला. तो बघत असतानाच तिने दूध ओतलं, भांडं घासलं आणि पालथं घातलं. नवरा अजून तिथेच बघत होता. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक निर्णय तिने घेतला आणि दारात सांगितलं, "ह्यांनी फार विचार करून ठरवलंय." तिचंही बरं चाललं होतं. नवऱ्याच्या नावावर खपवलं की कुणी फाटे फोडत नव्हतं.

बावळीला पडदे शिवायचं दुकान काढायचं होतं तेव्हा घरच्यांनी आधी तिला धाकट्याकडे पाठवलं. तो म्हणाला, "थांब जरा." ती थांबली नाही. दुकान चाललं, वाढलं, तिने तीन मशिनं घेतली. "नशीब एकेकाचं," घरच्यांनी मान हलवली.

पन्नाशी उलटल्यावर विचारी कारखान्याच्या जिन्यावरून घसरला. पायरी आहे तिथे त्याला पायरी दिसली नव्हती. बायकोने हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी काच बदलली, पुन्हा बदलली, मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही वावरलात कसे?"

"विचारपूर्वक," तो म्हणाला.

चष्मा आला. रस्त्यावर येताच त्याला झाडाची पानं सुटी सुटी दिसली, समोरच्या दुकानाची पाटी दिसली, आणि बायकोच्या हनुवटीवर एक तीळ आहे हेही दिसलं. "हा कधी आला?" त्याने विचारलं. ती नुसती हसली. घरी आरशात पाहिलं तर कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट.

सकाळी उठून त्याने चष्मा लावला आणि तो दचकला. डोकं दुखत नव्हतं. समोर धुकं नव्हतं. त्याने खिडकीकडे पाहिलं तर खिडकीच दिसली. भिंतीकडे पाहिलं तर भिंत. डोक्यात काहीच चाललेलं नव्हतं. म्हणजे गेली! जन्मभराची देणगी एका रात्रीत गेली! तो मोरीत गेला, कडी लावली आणि चष्मा काढला. हळूहळू धुकं आलं, भुवयांवर ठणका आला. त्याच्या जिवात जीव आला.

"आत काय करताय एवढा वेळ?" बायकोने दार वाजवलं.

"विचार."

"तो बाहेर येऊन करा. मला कपडे धुवायचेत."

पण जिन्याची धास्ती होती, चष्मा घालणं भाग होतं. आणि सपाट कपाळाचा माणूस 'थांबा जरा' म्हणाला की ते रजा मागितल्यासारखं वाटायचं. सल्ल्याला येणारे कमी झाले. कारखान्यात तेच. मालकांनी एका मोठ्या सभागृहाच्या खुर्च्यांचं काम घेतलं, लाकूड उतरलं, आणि जुन्या सवयीने विचारी बोलून गेला, "थांबा जरा." मालकांनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. "वेळ कुठे आहे?" म्हणून त्यांनी काम सुरू केलं.

महिना-दोन महिन्यांत सभागृहातून तक्रार आली. खुर्च्या डुगडुगतात, वक्ते बोलताना खालून कुरकुर ऐकू येते. मालकांनी विचारीला बोलावलं. "शोधून काढा काय ते."

तो तडक बहिणीच्या दुकानात गेला. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

"ताई, विचार कसा करतात गं?"

तिने टाचण्या एकेक करून काढल्या. "काय म्हणालास?"

"खुर्च्या डुगडुगताहेत."

"सगळ्या?"

"माहीत नाही."

"पहिल्यापासून की आता?"

"माहीत नाही."

"तू जाऊन बघितल्यास?"

"नाही."

"मग इथे काय करतोयस?"

तो उजळला. "हाच का विचार?"

"नाही रे बाबा, ही नुसती चौकशी. विचार पुढचा. आपल्याला काय माहीत नाही, ते तरी आधी माहीत हवं ना?"

"पण आई म्हणायची, ते उपजतच असावं लागतं. माझ्यात होतं."

"आणि माझ्यात नव्हतं." बावळी खळखळून हसली. "माझ्यावर उपकारच झाले म्हण. मला काही कळत नाही असं धरून सगळ्यांनी सगळं सांगितलं, मारून मुटकून सांगितलं. तुला कुणी काही सांगितलंच नाही. बिचारा तू! जा आता. आणि माझं ऐक, तिथली फरशी उंचसखल असणार. शंभर टक्के."

विचारी सभागृहात गेला, तीन-चार खुर्च्यांवर बसून पाहिलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "फरशी उंचसखल आहे." तिथल्या व्यवस्थापकाने पाणसळ आणून फरशीवर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध थांबला. शिपायांपासून सगळे हसले.

त्याचे कान तापले, पण एक चमत्कारिक गोष्ट घडली. त्याला तिथून पळावंसं वाटलं नाही. फरशी नाही, तर मग काय? हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला आणि मुळीच दुखला नाही. तो खुर्च्या उलट्या करत सुटला. सांध्यात बोट घातलं तर बोट आत गेलं. लाकूड ओलं असताना बसवलेलं, वाळल्यावर आक्रसलेलं. संध्याकाळी तो घरी पळतच आला आणि बायकोला दोनदा सांगितलं. तिला दोन्ही वेळा भाजी निवडू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तो उभा राहिला. "लाकूड वाळू दिलं नाही. घाई झाली."

घाई कुणी केली, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. फरशीच्या वेळी लोक हसले होते. या वेळी कुणीच हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मालक कडाडले.

"सांगितलं होतं. थांबा म्हणालो होतो."

"का थांबायचं ते सांगितलंत?"

"ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं," विचारी म्हणाला. इतकं खरं तो कारखान्यात पहिल्यांदाच बोलला होता.

पुढच्याच आठवड्यात त्याची गोदामात बदली झाली. मुकादमाच्या जागी एक दाढीवाला गृहस्थ आला, जो काहीही विचारलं की सावकाश दाढी कुरवाळायचा. मालक त्याच्यावर खूश होते.

गोदामात विचारीने सगळ्यांना भंडावून सोडलं. हे इथेच का ठेवता, ते तिकडे का नाही, आतल्या फळीवरचा माल बाहेर येतो तरी कधी? माणसं त्याला पाहून फळ्यांच्या मागे दडू लागली. गल्लीत हळहळ होती. "देवाने दिलं होतं, चष्म्याने नेलं," शेजारीण म्हणायची. "पूर्वी कसा शांत, विचारी माणूस होता. आता सारखा बोलतो."

एका रविवारी बायकोला कपाट खिडकीच्या भिंतीला हवं होतं.

"तिथे मावणार नाही," तो म्हणाला.

"मावेल."

"खिडकीचं दार त्याला आपटेल."

"नाही आपटणार. खिडकी बाहेर उघडते."

त्याने जाऊन पाहिलं. खिडकी बाहेरच उघडत होती. "बरं, पण कपाट वळणार कुठे? मधे पलंग आहे."

"पलंग आधी उचलायचा."

"उचलून ठेवायचा कुठे?"

इतक्या वर्षांत या घरात तिला कुणी उलट प्रश्न केला नव्हता. तिने पदर खोचला. दोघांनी कपाट ओढायला घेतलं, आणि ते पलंग आणि दार यांच्यामध्ये असं अडकलं की ना पुढे जाईना, ना मागे. ती स्वयंपाकघराच्या बाजूला, तो पलंगाच्या बाजूला.

"मी म्हटलं होतं," कपाटाच्या पलीकडून तो म्हणाला.

"तुम्ही खिडकीचं म्हटलं होतं. ते चुकलंच."

"पण पलंगाचं?"

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. मग कपाटाच्या वरून चहाचा कप आला, त्यामागे तिचा हात.

"घ्या. आणि खालची फळी काढता येते का, बघा बरं तुमच्या बाजूने."

तो कप पलंगावर ठेवून गुडघ्यांवर बसला आणि कपाटाखाली डोकं घातलं.