हळदीकुंकू लावलेली तक्रार

फोडणीचा डबा धुवायला काढला की तळाशी काय काय सापडतं! मोहरीच्या वाटीत दोन मेथीदाणे, जिऱ्यात हिंगाचा खडा, आणि आपण कधी घातलाच नव्हता असा लवंगेचा एखादा तुकडा. आमच्या गुरुवारच्या मंडळात किस्से असेच साठलेत. मुद्दाम कुणी टाकले नाहीत, रोजच्या हाताने पडत गेले. आणि अलीकडच्या बहुतेक किश्श्यांना एकच वास येतो. सरकार बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकायला लागलं, त्याचा!

मंडळ म्हणजे आम्ही आठ जणी, फुलपाड्यातल्या एकाच बिल्डिंगमधल्या. दर गुरुवारी दुपारी कुणा एकीच्या घरी पोथी, आरती, प्रसाद. तिसऱ्या मजल्यावरच्या माई आमच्या मुख्य. त्यांचा नियम कडक. समई लागल्यापासून आरती होईपर्यंत कुणाची निंदा करायची नाही. तोंडातून गेलीच, तर उठायचं, दाराबाहेर जाऊन पाय धुवायचे आणि मग परत बसायचं. त्यासाठी बाहेर बादली-तांब्या ठेवलेलाच असतो.

योजना आल्यापासून ती बादली एका दुपारी दोनदा भरावी लागते!

*

फॉर्म भरायचे दिवस होते. मंडळात कुणालाही विचारा, उत्तर एकच. "छे गं बाई, आपल्याला काय गरज!"

माझा तर प्रश्नच नव्हता, आमच्या ह्यांचा पगार मर्यादेच्या वर. मी आपली आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेले, तर दुकानाबाहेर ही रांग! त्याच दुकानात फॉर्मही भरून देत होते. रांगेत तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या चौघी. मी डोळ्यांवरून ओळखल्या.

"सरिता, तू?"

"झेरॉक्स, काकू."

मागून वैशाली म्हणाली, "मी पण झेरॉक्स." तिच्या मागचीही झेरॉक्सच!

तेवढ्यात एक गृहस्थ "झेरॉक्सची लाइन हीच ना?" म्हणत पुढे घुसायला लागले. चौघी एका सुरात ओरडल्या, "ओ भाऊ, मागे जा! ही फॉर्मची लाइन आहे!"

*

आत दुकानदार वैतागलेला. आम्हा बायकांना एक सवय. नवा कागद, नवी साडी, मुलांची वही, काहीही असो, आधी चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायचं आणि मग वापरायचं. त्यामुळे आमच्या बिल्डिंगचा प्रत्येक फॉर्म पिवळा-लाल होऊन त्याच्या स्कॅनरवर पडत होता. तो दर वेळी काच पुसायचा.

"अहो मावशी, सरकारी कागद आहे हा, लग्नपत्रिका नाही!"

माईंचा नंबर होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "शुभकामाला लावायचंच असतं."

"मग सर्व्हरला पण लावा ना! सकाळपासून बंद पडलाय!"

माईंनी पिशवीतून करंडा काढला आणि विचारलं, "कुठे आहे तो?"

*

सर्व्हर सुरू झाला, पण माईंचा फॉर्म काही गेला नाही. अट पासष्टपर्यंतची, माईंना पासष्ट पूर्ण होऊन दोन महिने झालेले. दुकानदाराने दोनदा जन्मतारीख घातली, मग हात वर केले. "आजी, सिस्टिम घेत नाही हो."

"म्हणजे दोन महिन्यांपूर्वी मी बाई होते, आणि आता नाही? गणपतीत चौदा माणसांचा स्वयंपाक अजून एकटीनं उरकते मी!"

"आजी, माझ्या हातात नाही ते."

माई उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. "सिस्टिम घेत नाही, ते ठीक. आजी कुणाला म्हणालास?"

त्या आठवड्यात मात्र त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत.

*

पहिले पैसे आले ते नेमके गुरुवारी, पोथी ऐन रंगात असताना! एका पिशवीत 'टिंग' वाजलं. मग दुसऱ्या. मग खिडकीत ठेवलेल्या फोनवर. वाचता वाचता माझा सूर चुकला. ज्यांनी फॉर्म भरलाच नव्हता, त्या सगळ्या जणी पिशव्यांकडे बघायला लागल्या.

"रिचार्ज संपल्याचा मेसेज असेल," वैशाली पुटपुटली.

मंदा आमच्यात सगळ्यात साधी. ती हसून म्हणाली, "माझा तर पैशांचाच आहे. देव पावला!"

सरिता तिच्याकडे रोखून बघत राहिली. बाकीच्या पिशव्यांमध्ये रिचार्ज संपतच होते!

*

पैसे कुणाला द्यावेत आणि कुणाला नाही, यावर सगळ्यात जास्त बोलते ती सरिताच. एकदा वटार गावची भाजीवाली जिन्यात बसली होती. केळी, वांगी, आळूची पानं, सगळं तिच्या वाडीतलं. सरिता वांगी निवडता निवडता आम्हाला ऐकवत होती, "सवयी बिघडतात गं माणसाच्या. फुकटचं एकदा खायला लागलं की हात पसरायची लाज वाटत नाही."

भाजीवालीने वांगी तोलली, पिशवीत घातली. सरिता म्हणाली, "वर कोथिंबीर घाल ना थोडी."

भाजीवालीने मूठभर कोथिंबीर घातली आणि म्हणाली, "घ्या बाई. तुमच्या सवयी बिघडल्यात, आता काय करणार!"

*

मग चौकशी होणार अशी हूल उठली. घरोघरी येऊन फ्रिज, टीव्ही, गाडी, सगळं बघणार म्हणे! एका सकाळी अंगणवाडीच्या ताई रजिस्टर घेऊन जिना चढताना दिसल्या. सरिताने दार उघडायला चांगली पाच मिनिटं लावली. मी समोरच्या दारात उभी होते. तिच्या हातातल्या बांगड्या गायब, फ्रिजवर डबल बेडची चादर!

ताई आल्या होत्या पोलिओच्या डोससाठी पाच वर्षांखालची मुलं लिहायला. जिना चढून दमलेल्या. म्हणाल्या, "थोडं गार पाणी मिळेल का फ्रिजमधलं?"

"आमच्याकडे कुठला फ्रिज!"

ताईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. "मग ती चादर का गुरगुरतेय?"

*

हसून झालं. पण हळूहळू आमच्यातलं हसू कमी व्हायला लागलं. कुणी नवी पर्स आणली तरी सगळ्यांच्या नजरा तिकडे. निंदा करायची नाही असा नियम, म्हणून आम्ही स्तुती करायला शिकलो. "अय्या, बांगड्या नवीन वाटतं? बरंय बाई तुझं!" असं म्हटलं की पाय धुवायला लागत नव्हते.

सगळ्यात जास्त स्तुती झाली मंदाच्या गाडीची. चारचाकी असेल तर योजनेतून बाद, हे तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. आणि मंदाच्या घराखाली रोज रात्री पांढरी शुभ्र गाडी उभी असायची. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालून मंदाने ओवाळलेलं सगळ्या बिल्डिंगने पाहिलेलं.

"भाऊजी गाडी किती छान धुतात गं रोज!" सरिता म्हणायची.

"हो ना," एवढंच म्हणून मंदा वाती वळत राहायची. माईसुद्धा तिच्या हातांकडे बघत राहायच्या.

*

मार्गशीर्ष लागायच्या आधी अंगणवाडीच्या ताई पुन्हा आल्या, आणि या वेळी सरळ मंदाकडे गेल्या. तिच्याविरुद्ध निनावी तक्रार आली होती. चारचाकी असून पैसे घेते. चौकशी होईपर्यंत पैसे बंद!

मंदाच्या सासूबाईंना काचबिंदू. सकाळ-रात्र डोळ्यात थेंब घालावे लागतात, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. ते थेंब ह्याच पैशांतून यायचे. मला माहीत होतं, कारण औषधाच्या दुकानात आम्ही एकदा बरोबर गेलो होतो.

जाताना ताई माझ्या दाराशी थांबल्या. "तुमचं ते गुरुवारचं मंडळ आहे ना? मग घरचंच कुणीतरी दिसतंय." त्यांनी फाइलमधून पत्र थोडं वर काढलं. वर मध्यभागी 'श्री'. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू! खाली सहीच्या जागी 'एक जागरूक महिला'. आणि तारखेपुढे, अगदी आठवणीने, वार घातलेला. बुधवार!

गुरुवारी निंदा चालत नाही ना!

*

आता आठ जणींत सात संशयित, त्यात मी धरून. प्रसादाच्या पाळ्यांची वही माझ्याकडे असते. ज्या त्या बाईने आपल्या हाताने लिहिलेलं असतं, शिरा, पंचामृत, साबुदाण्याची खिचडी. मी ती उघडून बसले. सरिताचा 'श' आणि पत्रातला 'श' सारखाच वाटला. मग वैशालीचाही वाटला. मग माझाही! वही मिटून टाकली.

पुढच्या गुरुवारी मी माईंना हळूच विचारलं, "माई, तोंडाने बोललं नाही, पण मनात कुणाबद्दल वाईट आलं, तर पाय धुवायचे का हो?"

माईंनी समईची वात पुढे सारली. बराच वेळ सारत होत्या.

"मनातलं धुवायला तेवढं पाणी कुठून आणायचं गं?" म्हणाल्या.

*

त्याच गुरुवारी सरिता मंदाला पुन्हा म्हणाली, "गाडी काय चकचकीत ठेवतात गं भाऊजी!"

मंदाने हातातली वात खाली ठेवली.

"ठेवावीच लागते. शेठ बोट फिरवून बघतात."

"कुठले शेठ?"

"नायगावच्या टॉवरमध्ये राहतात ते. ह्यांचे शेठ. पहाटे पाचला त्यांना न्यायचं असतं, म्हणून रात्री गाडी इथे असते. हे ड्रायव्हर आहेत त्यांचे."

आम्हाला तिने 'हे ट्रान्सपोर्टमध्ये आहेत' एवढंच सांगितलं होतं. वैशालीने चाचरत विचारलं, "अगं, पण दसऱ्याचा हार?"

"शेठनीच पैसे दिले होते हाराचे. ओवाळतानाचा फोटो हवा होता त्यांना." मंदा मान खाली घालून बोलत होती. "सहा वर्षं झाली, आतून कशी आहे ती गाडी, मला माहीत नाही. तुम्ही सगळ्या 'तुझी गाडी, तुझी गाडी' म्हणायला लागलात. बरं वाटायचं ऐकायला. म्हणून नाही बोलले."

"मग हे ताईंना सांग ना!" मी म्हटलं.

"सांगितलं. कागद आणा म्हणाल्या. शेठ कागदाला हात लावू देत नाहीत. म्हणाले, तुझ्या बायकोसाठी मी ऑफिसात सह्या देत फिरू का?"

माई उठल्या. दाराबाहेर गेल्या. तांब्याचा आवाज आला. पाय धुऊन परत येऊन बसल्या.

त्या दुपारी निंदा कुणीच केली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली आणि मी देवासमोर बसूनच ऑफिसला पत्र लिहिलं. मंदाकडे गाडी नाही, तिचे यजमान ड्रायव्हर आहेत, पैसे म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांसाठी लागतात, कृपा करून चालू करा. मंदाला उपकार वाटू नयेत, म्हणून नाव घातलं नाही. 'एक महिला' लिहिलं. पाकिटात घालताना बघते तर काय, सवयीने चारही कोपरे रंगवून ठेवलेले! नवा कागद नव्हता, तसंच टाकलं. देवाला म्हटलं, तू बघून घे.

*

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापनाचा. या वर्षी मंदाकडे होता. मला धाकधूक होती, किती जणी येतील आणि कोण कुणाशेजारी बसेल. आठही जणी आल्या. आरतीच्या आधी अंगणवाडीच्या ताईही आल्या. त्यांना मंदाने हळदीकुंकवाला बोलावलं होतं.

"मंदाताईंचे पैसे सुरू झाले," त्यांनी दारातूनच सांगितलं. "पण बायांनो, आता पत्रं पुरे करा हो! तक्रारीचं एक आलं होतं, त्यावर यांच्या बाजूने सात! एकावरही नाव नाही, आणि सगळ्यांना हळदीकुंकू. आमच्या साहेबांनी तर काल चप्पल काढून फाइल उघडली!"

"सात?" वैशालीने विचारलं.

"सात. मंदाताईंना दाखवली मी सगळी, तक्रारीच्या पत्रासकट, परवा सहीला आल्या होत्या तेव्हा. तुम्ही मंडळात किती जणी?"

"मंदाला धरून आठ," मी म्हटलं.

सरिताने माझ्याकडे पाहिलं, मी वैशालीकडे. ताई मनाशी काहीतरी जुळवायला लागल्या, तेवढ्यात मंदा करंडा घेऊन उठली.

ती ओळीने हळदीकुंकू लावत आली. ताईंना लावलं. सरिताला लावलं, वैशालीला लावलं, मला लावलं. माईंपाशी आली. वाकून हळद लावली, कुंकू लावलं. क्षणभर थांबली. मग पुन्हा बोट बुडवून पुन्हा हळद लावली, पुन्हा कुंकू लावलं.

"अगं, दोनदा कशाला?" माई म्हणाल्या.

मंदाने माईंची ओटी भरली आणि खाली वाकून नमस्कार केला.

"दोन पत्रांचं, माई."