भिंतीला केलेले नमस्कार

माझी भाची, भावाची मुलगी, सहा महिन्यांची होती, तेव्हा सकाळी आमच्या दारात बाया थांबायच्या. झोपेतून उठली की ती मान खाली टाकायची, दोन्ही हात छातीशी आणायची आणि कमरेत वाकायची. पुन्हा वाकायची. पुन्हा. रोवणीला, रोपं लावायला निघालेल्या बाया तिचा नमस्कार घेतल्याशिवाय धानाच्या बांधीत उतरत नव्हत्या. "पुण्यवान पोरगी हाये वो," म्हणायच्या.

आणि मी? मी गावची अंगणवाडी सेविका, पंधरा वर्षं दुसऱ्यांची लेकरं तपासणारी. मी तिथे उभी राहून मोजायचे. "आज अकरा केले!" मोबाइलवर व्हिडिओही काढला. वहिनीने एकदा विचारलं, "बाई, नमस्कार झाला का रडते वो ते. काहून?"

"भूक लागली असन. तू नको उगाच डोकं लावू," मी म्हटलं. अक्कल पाजळली, दुसरं काय!

मग एका दुपारी अंगणवाडीत तिच्याच वयाच्या मुलीचं वजन घेत होते. तिने माझ्या बांगड्या ओढल्या आणि खिदळली. घरी आल्यावर मी त्याच बांगड्या भाचीसमोर वाजवल्या. तिने बघितलंच नाही. नावाने हाक मारली. नाही. वहिनीने तिला कुशीवर झोपवलं, तोंड भिंतीकडे. थोड्या वेळाने ती जागी झाली आणि नमस्कार सुरू झाले. समोर कोणी नव्हतं. नुसती भिंत. सात वेळा, दर वेळी तेवढ्याच अंतराने.

मी तिचं लसीचं, वाढीचे टप्पे टिपायचं कार्ड काढलं. 'ओळखून हसते' याच्यापुढे माझ्याच हातची बरोबरची खूण होती. घरचीच पोर, म्हणून न बघता केलेली.

आई भडकली. "चांगल्या पोरीले दवाखान्यात कायले नेतेस?"

भाऊ म्हणाला, "बाई, रोवणं आटपू दे. चार दिवसांनी जाऊ."

"रोवणं गेलं खड्ड्यात! आत्ताच्या आत्ता गाडी काढ!" मी एवढी ओरडले की शेजारीण कुंपणाशी आली.

तुमसरच्या डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला आणि खुर्चीत बसूसुद्धा दिलं नाही. "इथं थांबू नका, नागपूर गाठा." गाडीत ती वहिनीच्या मांडीवर झोपली होती. ती जागी होऊ नये म्हणून मी देवाला हात जोडत होते. जवाहरनगर मागे पडलं आणि तिने डोळे उघडले. एक. दोन. तीन. या वेळी मी मनात मोजत होते.

नागपूरच्या डॉक्टर बाईंनी तिच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, कागदावरच्या रेषा पाहिल्या. "हे झटके आहेत. या वयातले वाईट झटके. एका वेळी किती येतात?"

"अकरा."

"बरोबर मोजलेत. आणि हसणं कधी थांबलं?"

आम्ही सगळे इतके दिवस तिच्या हातांकडेच बघत होतो.

"इंजेक्शनने झटके थांबतील अशी आशा आहे," त्या म्हणाल्या. "हसू परत येईल का, ते आज नाही सांगता येत."

नागपूरहून घरी आणलं, रोज इंजेक्शन. औषधाने तोंड सुजून गोल झालं, पोर दिवसभर किरकिर करायची. रोज सकाळी मी तिच्या उशाशी श्वास धरून बसायचे. बाराव्या सकाळी ती उठली आणि काहीच झालं नाही. दारातल्या बाईने विचारलं, "आज नमस्कार नाही करत का?"

"नाही करत! जा आपल्या बांधीत!" मी खेकसले, आणि मग आत जाऊन ढसाढसा रडले.

आता ती तीन वर्षांची आहे. चालायला उशिरा लागली, बोलते दोनचार शब्द. मागच्या आठवड्यात वहिनी तिला शिकवत होती, "आत्याले नमस्कार कर." तिने हात जोडले आणि कमरेत वाकली. मी मनातल्या मनात 'एक' म्हटलं आणि दोनची वाट बघत राहिले. दुसरा आलाच नाही. तिने मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसली.