गोदूबाईचं शांघाय

गोदूबाईच्या पायाला भिंगरी आहे, असं अख्खं भाट्ये गाव म्हणायचं. पण ती भिंगरी फिरायची गावातल्या गावात. सकाळी मासळीची पाटी घेऊन पुलावरून रत्नागिरीच्या बाजारात, दुपारी परत, संध्याकाळी कुणाच्या बारशाला नाहीतर कुणाच्या भांडणाला. लांबात लांब गेली ती पोफळीला, लेकीच्या सासरी. सखूचा नवरा तिथल्या वीजघरात कामाला. डोंगराच्या पोटातलं ते वीजघर बघून आली आणि पुढे महिनाभर गिऱ्हाईकाला बांगडे मोजून देताना तेच सांगत सुटली. बसवतच नसे बाईला एका जागी.

आणि नवरा कसा मिळावा? आनंदा उभा जन्म बोटीवर खलाशी. जगातली निम्मी बंदरं पालथी घातलेला माणूस, पण निवृत्त होऊन घरी आला तो ओटीवर बसला तो बसलाच. मासळी काय भावानं गेली, माडावर कोण चढला, कशाकशात लक्ष नाही. विचारावं तर 'हूं'. एकाच विषयावर त्याची कळी खुलायची. शांघाय!

शांघायचं नाव काढायची खोटी, की आनंदा पाय पोटाशी घेऊन सरसावून बसायचा. नदीकाठचा तो रुंद रस्ता, त्याच्या कडेच्या दगडी टोलेजंग इमारती, बागेतल्या तळ्यावरचा नागमोडी पूल, अख्ख्या दगडातून कोरलेला बुद्ध, रेशमाच्या दुकानांच्या रांगा. शेजारपाजारची माणसं चहा घेऊन ऐकत बसायची. गोदूबाई आत चुलीशी बसून ऐकायची आणि ऐकता ऐकता तिला राग यायचा.

का नाही येणार? ह्याच शांघायपायी सखूच्या लग्नाला बाप नव्हता. बोट तिथं दुरुस्तीला अडकली ती चार महिने. कन्यादान गोदूबाईच्या भावानं केलं. वऱ्हाडातल्या एका भवानीनं तर तोंडावर विचारलं, "नवरा हाय ना गो तुझा?" ते तिच्या काळजात रुतून बसलं. आनंदा घरी आला तेव्हा ती पदर खोचून भांडायला उभी होती. पण त्यानं त्या शहराचं असं काही वर्णन लावलं, की भांडण राहूनच गेलं. एवढं थोर शहर असेल तर अडकला असेल बिचारा, असं तिनं मनाला समजावलं. मनाचं काय, समजावलं की घटकाभर गप्प बसतं आणि पुन्हा उठतं.

तशात पंच्याऐंशी सालच्या शिमग्याला तिचा भाचा हरिश्चंद्र मुंबईहून आला. तो तिथं एका प्रवास कंपनीत कारकून. पालखी नाचवून दमून बसला होता, बोलता बोलता म्हणाला, "मावशी, येत्या मे महिन्यात आमची पार्टी हाँगकाँगला जातेय. तिथनं पुढं चार दिवस शांघाय. आता चीनवाले बघायला येऊ देतात."

गोदूबाईची पोळी तव्यावर करपली. "आमची दोघांची नावं घाल," ती म्हणाली.

हरिश्चंद्र हसला. ती हसली नाही.

"अगो, आनंदरावांना तरी विचार!"

"त्यांना काय विचारायचं? त्यांचं पायाखालचं गाव. तुझ्या पार्टीला फुकटचा वाटाड्या मिळतोय."

आनंदा ओटीवरून हे सगळं ऐकत होता. त्याला एकदम ठसका लागला.

झालं! त्या दिवसापासून घराला स्वस्थता म्हणून राहिली नाही. रत्नागिरीच्या स्टुडिओत जाऊन पासपोर्टचे फोटो झाले. त्यात गोदूबाई अशी डोळे वटारून बघत होती, जणू फोटोवालाच बांगड्याचा भाव पाडून मागतोय. कुळथाचं पीठ दळून झालं, आमसुलं वेगळी काढून झाली. तिथं बेडूक खातात म्हणे, तर आपलं पिठलं कुठंही होतं. गाव हसत होतं. "मे महिन्यात आंबे सोडून चीनला? गोदूला उष्मा बाधला!" हसा मेल्यांनो, ती म्हणायची, दात दिसतात तेवढेच.

ती नवऱ्याला एकसारखी खोदून विचारी. बुद्ध आधी बघायचा की बाग? नदीपासून बाग चालत किती लांब? रेशमाचं दुकान वाटेत लागतं काय? आनंदा एकदा सांगे, नदी डाव्या हाताला. दुसऱ्या दिवशी ती उजव्या हाताला गेलेली असे. "वय झालं तुमचं," ती म्हणे आणि पुन्हा पहिल्यापासून विचारी. रात्री अंथरुणावर पडलं तरी तिचे पाय हलत असत.

आणि आनंदाला तर काही धडपणे गिळेना. आधी म्हणाला, तुझे गुडघे दुखतात. ती म्हणाली, पाटी उचलताना बरे दुखत नाहीत. मग म्हणाला, तिकडं उकाडा फार. ती म्हणाली, आणि इकडं काय बर्फ पडतोय? मग एक दिवस वैतागून ओरडला, "फंडाचे पैसे काय असे उडवायला हायत?"

"माझी अर्धी हयात तुमच्या बोटीनं नेली," गोदूबाई म्हणाली. "ती कुठं गेली ते एकदा डोळ्यांनी बघू दे मला. दुसरं काय मागतंय मी?"

तो तडक उठला, समुद्राकडे गेला आणि पार भरती होईपर्यंत किनाऱ्यावर फेऱ्या मारत राहिला. परत आला तो एक युक्ती घेऊनच.

"दर्यापार जायचं तर देवाला विचारल्याबिगर नाय," तो म्हणाला. "कौल लाव. उजवा दिलान तर जाऊ. डावा दिलान तर परत शांघायचं नाव काढायचं नाय."

गोदूबाई एका पायावर तयार झाली. देवावर तिचा भरवसा होता. आनंदाचाही होताच, पण त्याचा भरवसा डाव्या कौलावर होता.

सोमवारी सकाळी दोघं ग्रामदेवाच्या देवळात गेली. बातमी आधीच फुटली होती, त्यामुळे दहा-पंधरा रिकामटेकडे हजर होते. आत्माराम गुरवानं देवाला आंघोळ घातली, दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण त्याच्या आधी गाऱ्हाणं. गाऱ्हाण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. गुरव एकेक गोष्ट देवाच्या कानावर घालतो आणि जमलेली माणसं दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं तर म्हणायलाच हवं. तो गप्प राहिला, तर कौल पुढे चालत नाही. माणसाला थाप मारावी, देवासमोर मारून कुठं जाल?

आत्मारामानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं, आनंदा आणि गोदू, तुझ्या पायाशी आली हायत..."

"होय म्हाराजा!"

"दर्यापार शांघाय म्हणून मुलूख हाय, तिथं जायचं त्यांच्या मनात हाय..."

"होय म्हाराजा!" यात गोदूबाईचा आवाज सगळ्यांच्या वर.

"ह्या आनंदानं तो मुलूख आपल्या पायांनी फिरून, आपल्या डोळ्यांनी बघितलान. आता तोच बायकोला दाखवायचा हाय..."

"होय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. आनंदा म्हणाला नाही.

आत्मारामानं मान वळवली. "आनंदा, होकार दे."

आनंदाच्या कपाळाला घाम फुटला होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. देवाकडे बघवेना, बायकोकडे तर त्याहून बघवेना.

"दे की रे," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी उतरलोच नाय," आनंदा म्हणाला.

"काय?"

"शांघायला. खाली उतरायचा पास कप्तानानं दिलान नाय कुणाला. चार महिने बोटीवरच होतो. गंज खरवडायचा नि रंग मारायचा. बागबिग सगळं दुसऱ्या बोटीच्या स्वैपाकी भंडाऱ्यानं सांगितलेलं."

सगळ्यांच्या माना आनंदाकडे वळल्या. मग मागच्या बाजूला एकजण फिस्कन हसला. गोदूबाईनं वळून अशी काही नजर टाकली, की त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. मग ती नवऱ्याकडे वळली. रागानं तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या.

"मग एवढी वर्षं मला काय सांगत होतात?"

"तुला काय सांगणार होतो गो?" आनंदाचा आवाज फुटला. "पोरीच्या लग्नाला बाप आला नाय, तो कशापायी? गंज खरवडायला? घरी आलो तेव्हा तू दारात उभी होतीस. मी त्या बागेचं सांगितलं नि तू आत जाऊन माझं ताट वाढलंस. मग तेच सांगत राहिलो."

गोदूबाईनं हात खांबाला टेकला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ती इथं वाट बघत कुजत होती तेव्हा हा तिकडं जग बघत होता. त्याचा किती दुस्वास केला होता तिनं मनातल्या मनात! आणि हा तिकडं लोखंड खरवडत तिच्यासारखाच दिवस काढत होता. तिला भडभडून आलं.

"दिसत काय होतं मग?" तिनं विचारलं.

"धक्का दिसायचा. एक लांब भिंत. भिंतीपल्याड कुणाच्या तरी घराची गच्ची, तिथं एक बाई रोज कपडे वाळत घालायची. सखूच्या लग्नादिवशी पण घातलेन. दिवसभर तिकडंच बघत होतो."

आत्माराम बिचारा हात जोडूनच उभा होता. पाकळ्या सुकायला लागल्या होत्या. "आता देवाला काय सांगू गो, गोदू?" त्यानं विचारलं. "गाऱ्हाणं मोडू?"

"मोडतोस कशाला?" गोदूबाईनं पदरानं नाक पुसलं. "नीट घाल. बाग राहू दे, बुद्ध राहू दे. म्हणावं, जिथं हा माणूस चार महिने उभा होता, ती जागा ह्या बाईला बघायची हाय."

आत्मारामानं पाकळ्यांवर पुन्हा पाणी शिंपडलं आणि तिनं सांगितलं तसंच, शब्दाला शब्द, देवाच्या कानावर घातलं. मागची सगळी माणसं 'होय म्हाराजा' म्हणाली. हसणाराही म्हणाला. आनंदाचे मात्र ओठ नुसते हलत होते.

गोदूबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

"म्हणा की," ती म्हणाली. "आता तरी खरं हाय."